वरणाच्या बादलीतले रुपये

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थी म्हणून माझ्याकडे वसतिगृहातील आठवणी मागितल्या. त्या माझ्या वर्गबंधूंनी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असणार. कंदिलाच्या उजेडातला अभ्यास, सकाळची वंदना, विहिरीवरची आंघोळ हे आम्हा पहिल्या तुकडीतल्या सर्वांचेच सामाईक धन आहे. मी मात्र शाळा सोडून चाळीसहून अधिक वर्षे उलटल्यावर, वयाच्या साठीत, या शाळेसाठी जे शिकलो आणि शिकताना जिथे चुकलो, ते लिहिणार आहे. विषय किरकोळ वाटेल. मुलांना हसवण्यासाठी करायची नाण्यांची जादू, एवढाच तो आहे.

मी एका बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी रोखपालाच्या जाळीमागे. २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत वसतिगृहाच्या अधीक्षकांचा फोन आला. ते म्हणाले, "दादा, दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परत येतात तेव्हा पाचवीची नवी मुलं फार रडतात. आईवडील तोवर ऊसतोडीला निघून गेलेले असतात. गावी घर असतं, पण घरात कोणी नसतं. एखाद्या संध्याकाळी येऊन काहीतरी गंमत करा." भाषण करा असे ते म्हणाले नाहीत, याचे मला बरे वाटले. माजी विद्यार्थ्यांची भाषणे मुलांनी पुरेशी ऐकलेली आहेत. त्यांत माझीही तीन-चार आहेत.

गंमत म्हणजे काय करावे, हे सुचायला वेळ लागला नाही. मी सातवी-आठवीत असताना एक फिरता जादूगार आपल्या शाळेत आला होता. त्या काळी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे नाव आम्ही ऐकून होतो, पण आमच्या वाट्याला आलेला जादूगार फाटक्या कोटाचा आणि एका पेटीचा धनी होता. त्याने एका मुलाच्या कानातून रुपया काढला. तो नवा, मोठा, पांढराशुभ्र रुपया होता. "चोर सापडला! माझा रुपया याच्या कानात!" असे तो ओरडला आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढचे कित्येक दिवस आम्ही एकमेकांच्या कानांत नाणी शोधत होतो. ज्याच्या कानातून रुपया निघाला होता, त्या मुलाचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता, हे मात्र मला कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

शिकायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न नाण्याचा आला. आजचा रुपया या कामाचा नाही. तो लहान, हलका आणि गुळगुळीत आहे; तळव्यात धरला तर निसटतो आणि दूर बसलेल्या मुलाला दिसतही नाही. परदेशी जादूगार अमेरिकेचा अर्धा डॉलर वापरतात. तो तीस मिलिमीटरहून थोडा मोठा आणि अकरा ग्रॅमहून थोडा जड असतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारे नाणे म्हणजे १९७५ ते १९८२ या काळात निघालेला तांबे-निकेलचा रुपया. त्याचा व्यास २८ मिलिमीटर, वजन ८ ग्रॅम आणि कडेला बारीक कंगोरे. हे कंगोरे तळव्याच्या कातडीला धरून राहतात. फिरत्या जादूगाराच्या हातातला रुपया तोच होता. नोकरीत असताना भरण्यात आलेले असे काही रुपये मी पदरचे पैसे भरून बाजूला ठेवले होते. कशासाठी, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते. मोजले तर अकरा निघाले.

ज्या खेळावर मी जीव लावला त्याचे नाव 'कंजूषाचे स्वप्न'. जादूगार रिकामा हात हवेत फिरवतो, त्याच्या बोटांत नाणे येते, ते तो भांड्यात टाकतो, खण्‌कन आवाज होतो आणि पुन्हा हात हवेत जातो. हवेतून, गुडघ्यातून, कोणाच्या दाढीतून, कोणाच्या नाकातून नाणी निघत राहतात. हा खेळ जगभर गाजवला तो टी. नेल्सन डाउन्स या अमेरिकन माणसाने. १८६७ चा जन्म, आयोवा राज्यातला, आणि मूळचा धंदा रेल्वेच्या तारयंत्रावरच्या कारकुनाचा. १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये त्याने नाण्यांचा खेळ केला आणि 'नाण्यांचा राजा' म्हणून तो ओळखला जाऊ लागला. एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंतच्या रिकाम्या वेळात नाणी उलटीपालटी करणारा एक नोकरदार माणूस मला डोळ्यांसमोर दिसू लागला आणि उगीचच जवळचा वाटला. आम्हीही गिऱ्हाईक नसताना काउंटरवर हेच करत होतो.

गुपित उघड केल्याबद्दल जादूगार मंडळी मला क्षमा करोत, पण पुढचे समजण्यासाठी ते सांगणे भाग आहे. उजव्या हातातले नाणे एकच असते. ते भांड्यात टाकल्यासारखे करायचे आणि प्रत्यक्षात तळव्यात दडवायचे. भांडे डाव्या हाताने धरलेले असते, अंगठा बाहेर आणि बोटे काठाच्या आत, आणि त्या बोटांमागे बाकीची नाणी दाबून धरलेली असतात. उजवा हात आत गेला की डाव्या बोटांनी एक नाणे सोडायचे. पाहणारा उजवा हात पाहतो आणि आवाज ऐकतो; दोहोंची सांगड त्याचे मन घालते.

सांगायला हे चार ओळींचे आहे. शिकायला मला जून ते नोव्हेंबर लागले. तळव्यात नाणे धरण्यासाठी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि त्यासमोरची कड यांचा चिमटा करावा लागतो, आणि बोटे मोकळी राहिली पाहिजेत. साठ वर्षे ज्या स्नायूला काही काम नव्हते, त्याला ते लावायचे! पहिले पंधरा दिवस नाणी सारखी पडत. त्यांच्या खणखणाटाने सौभाग्यवती हैराण झाली, म्हणून मी पलंगासमोर उभा राहून सराव करू लागलो. गादीवर पडलेले नाणे आवाज करत नाही आणि वाकावेही लागत नाही. चालताना, भाजी आणताना, दूरदर्शनवरच्या बातम्या पाहताना एक रुपया तळव्यात असे. एकदा एका अंत्ययात्रेत हात जोडताना तो तिथेच होता, हे माझ्या लक्षात आले आणि मी ओशाळलो.

महिनाभराने मला वाटले की जमले. सौभाग्यवतीला समोर बसवून दाखवले. ती म्हणाली, "अहो, तुमचा हात लुळा पडल्यासारखा दिसतो. आणि जिथं नाणं नाही म्हणता, तिकडंच तुम्ही बघताय." पुस्तकांच्या आणि चित्रफितींच्या ढिगाऱ्यातून मला जे कळले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले. हात लपवतो आहे हे हाताला विसरायला लावावे लागते. त्याने चष्मा सारखा करावा, बाही ओढावी, कोणाकडे तरी बोट दाखवावे. आणि नजर, जिथे नाणे असायला हवे तिथे असावी; स्वतःचा त्यावर अर्धा विश्वास बसल्याशिवाय ते होत नाही.

भांड्याचा प्रश्न वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सुटला. पितळी तांब्याचा नाद गोड, पण तोंड अरुंद, हात आत जात नाही. पत्र्याचा डबा बद्द वाजतो. ऑक्टोबरात एकदा शाळेत गेलो असता वाढपासाठी ठेवलेली स्टीलची वरणाची बादली दिसली. तिच्यात एक रुपया टाकून पाहिला आणि भांड्याचा शोध संपला. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "न्या की, पण घासून द्या." रोज जिच्यातून ताटात वरण पडते त्याच बादलीत रुपये पडताना पाहून मुले निम्मी तिथेच हसतील, हे मला कळले.

याच भेटीत आपल्या एका ज्येष्ठ गुरुजींनी हरकत घेतली. नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, "हवेतून पैसे काढणारे बाबा गावोगाव कमी आहेत का? त्यांच्याविरुद्ध आपण आयुष्यभर बोललो, आणि आता तू मुलांसमोर तेच करणार?" त्यांनी मला दीघनिकायातल्या केवट्ट सुत्ताची आठवण करून दिली. नालंदेच्या केवट्टाने भिक्खूंकडून चमत्कार करवून घ्या म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल असे सुचवले, आणि तथागतांनी ते नाकारले. हरकत योग्य होती. आपल्या राज्यात १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच हातचलाखीचे प्रयोग करून त्यामागची युक्ती उघडी करीत आले आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. त्या कामाला माझ्या हातून बट्टा लागू नये. मग आमचे असे ठरले की खेळ सुरू करण्यापूर्वी मी स्पष्ट सांगेन: यात मंत्र नाही, शक्ती नाही, सहा महिन्यांची मेहनत आहे. गुरुजी पहिल्या रांगेत बसले, बहुधा मी शब्द पाळतो की नाही ते पाहायला.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी, वंदना आणि जेवण यांच्या मधल्या तासात, सभागृहात पहिला खेळ झाला. मुलांना हसवण्याचे शास्त्र मला तोवर एवढेच कळले होते की मोठ्या माणसाची फजिती ही मुलांची सर्वांत आवडती गोष्ट आहे. मी बादली घेऊन आलो, रुपया हवेत शोधू लागलो, आणि तो माझ्या कोटाच्या पाठीला चिकटपट्टीने लावलेला होता. "आजोबा, मागं! मागं!" असा गिल्ला झाला. मी गर्रकन वळून मागे पाहिले. नाणेही माझ्याबरोबर वळले. हे चार वेळा केले. कोपऱ्यात मुसमुसत बसलेली पाचवीची मुलेही उभी राहून ओरडू लागली. मग एकेक मूल पुढे बोलावून कोपरातून, केसांतून, शिंक आल्यावर नाकातून मी रुपये काढू लागलो. बादली वाजत होती. अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आणि मला गर्व झाला. तो लपवत नाही.

पाचवा किंवा सहावा मुलगा आला तो पाचवीतला, किडकिडीत, आकाराने मोठा सदरा घातलेला. मी त्याच्या कानामागे हात नेला, रुपया काढला आणि सहा महिने पाठ केलेले, खरे तर सेहेचाळीस वर्षे पाठ असलेले वाक्य म्हटले: "चोर सापडला! माझा रुपया याच्या कानात!"

सभागृह हसले. तो हसला नाही. त्याने काहीही न बोलता आपल्या पॅंटचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले, मग सदऱ्याचा खिसा उलटा केला, आणि दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर धरून उभा राहिला. हे सारे त्याने इतक्या सराईतपणे आणि भराभर केले की मुलांना तो खेळाचाच भाग वाटला आणि ती अधिकच हसली. उलटे काढलेले पांढरे खिसे दोन्ही बाजूंना लोंबत होते. माझ्या तळव्यातला रुपया घामाने निसटून खाली पडला. मुलांना तीही गंमत वाटली. मी काहीतरी बडबडून त्याला जागेवर पाठवले आणि उरलेला खेळ हातांनी आपोआप पुरा केला.

त्यानंतरही काही मुले माझ्याभोवती जमली. एका मुलीने विचारले, "आजोबा, हवेतून एवढे पैसे येतात, तर तुम्ही आमच्या पप्पांची उचल फेडाल का?" मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला उचल म्हणतात, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. मी सुरुवातीला केलेला खुलासा तिने ऐकला होता. तरी विचारून पाहिले. मी तिला बाजूला घेतले, बादलीतले रुपये मोजून दाखवले आणि तळव्यातलाही दाखवला. "अकरा आणले होते, अकराच आहेत," असे सांगितले. ती "हं" म्हणाली आणि निघून गेली. जादूगाराने गुपित सांगू नये, हा नियम मी त्या दिवशी पहिल्याच प्रयोगात मोडला.

रात्री अधीक्षकांनी सांगितले की तो मुलगा पारधी वस्तीवरचा आहे. परिसरात कुठेही चोरी झाली की वस्तीची झडती होते, आणि झडतीत काय करायचे हे तिथल्या लेकरांना शिकवावे लागत नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, हे मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अनेकदा शिकवले आहे. सनावळी मला तोंडपाठ होती.

त्या रात्री मी वसतिगृहातच राहिलो आणि झोप आली नाही. मला माझी आई आठवत होती. गावातल्या किराणा दुकानात आई मला घेऊन जाई. दुकानदार तिच्या हातून पैसे घेत नसे. दहा पैशांचे ते हलके, फुलासारख्या कडेचे नाणे तिने पायरीवर ठेवायचे, त्याने त्यावर पाणी शिंपडून मग ते उचलायचे, आणि मोडीचे पैसे वरून तिच्या ओंजळीत टाकायचे. ते कधीकधी ओंजळीबाहेर पडत आणि मी ते धुळीतून वेचत असे. मला तो वेचण्याचा खेळच वाटे. आई का हसत नाही, हे कळायला मला या शाळेत यावे लागले. पुढे जाळीमागे बसल्यावर गिऱ्हाइकाला सुटे पैसे नेहमी त्याच्या हातावर टेकवून द्यायचे, वरून टाकायचे नाहीत, ही माझी सवय सहकाऱ्यांच्या थट्टेचा विषय होती. नाणे आणि हात यांच्यामध्ये काय काय असू शकते, हे ज्याला आईच्या ओंजळीपासून ठाऊक, त्याच माणसाने ते वाक्य उच्चारले होते. एखाद्या परक्याने ते केले असते, तर मी त्याच्यावर स्मरणिकेत लेख लिहिला असता.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत निघून गेला. त्याला भेटून क्षमा मागावी असे मनात होते, अधीक्षक म्हणाले, "दादा, आता त्याला पुन्हा वेगळं काढू नका." मी परतलो.

पुढचे तीन महिने मी खेळ मोडून पुन्हा बांधला. एक वाक्य गाळले की झाले, असे आधी वाटले होते. पण पाहू लागलो तसे लक्षात आले की या खेळाची सारी घडणच मुलाच्या अंगावर काहीतरी सापडण्याची आहे. नाकातून, कानातून, काखेतून वस्तू निघते आणि सभा त्याच्याकडे बघून हसते. हसणे निरागस असते हे खरे. पण कोणत्या मुलाच्या मागे काय आहे, हे मंचावरच्या माणसाला दिसत नाही. आणि आपल्या वसतिगृहात तर जवळजवळ प्रत्येकाच्या मागे काहीतरी असतेच. तेव्हा अंगावर नाणी सापडायचीच असतील तर ती माझ्या अंगावर सापडावीत, आणि शोधणारे मूल असावे.

म्हणून बादली माझ्या हातात आणि मान मुलाकडे, अशी वाटणी केली. मी कंजूष म्हातारा. माझा एकुलता एक रुपया हरवला आहे आणि मी रडकुंडीला आलो आहे. मूल हवेत हात मारते, मूठ बादलीवर आणून उघडते, खण्‌कन आवाज होतो. मी थक्क. मी हात मारतो, काहीच नाही. पुन्हा मूल, पुन्हा खण्‌. मी त्याचे अनुकरण करतो, त्याच्यासारखा उभा राहतो, त्याच्यासारखी मूठ वळतो, आणि आवाज होतो तो मी बादली स्वतःच्या गुडघ्यावर आपटल्याचा. शेवटी मूल माझ्याच टोपीखालून, माझ्याच बाहीतून रुपये काढते आणि सभा मला म्हणते, "आजोबा, तुमच्याकडंच होते!"

हे हातचलाखीच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड निघाले. स्वतःच्या उजव्या हाताची वेळ आपल्याला ठाऊक असते. मुलाची मूठ कधी उघडेल, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. कोणी घाईने उघडते, कोणी आधी आत डोकावते, कोणी उघडायलाच विसरते. डाव्या बोटांतले नाणे त्याच क्षणी सुटले पाहिजे. शेजारच्या दोन नातवंडांवर प्रयोग करता करता मला एक खूण सापडली: बोटे उघडण्याआधी मुलाचा खांदा किंचित खाली येतो. मुठीकडे पाहायचे नाही, खांद्याकडे पाहायचे. एवढे एक तत्त्व हाती लागायला फेब्रुवारी संपला.

मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी, दुसरा खेळ झाला. सातवीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने माझी अशी काही फजिती केली की गुरुजीदेखील मोठ्याने हसले. तिने बादलीत नऊ रुपये पाडले. दहावा तिने माझ्या टोपीखालून काढला, सभेला दाखवला आणि मला न देता स्वतःच्या खिशात घातला. हे ठरलेले नव्हते. टाळ्या सर्वाधिक त्यालाच पडल्या.

तो मुलगा मात्र पुढे आला नाही. मी पूर्ण सभेकडे पाहून "कोण येणार?" असे विचारले तेव्हा तो शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता आणि त्याने नजर वळवली. मी आग्रह केला नाही. मनातून मी त्याच्या येण्याची वाट पाहत होतो, हे कबूल करायला हवे. त्याच्या हसण्याने मला माझी सुटका करून घ्यायची होती. ती त्याने मला दिली नाही, आणि ती देणे हे त्याचे काम नव्हते.

जेवणानंतर मी नळावर बादली घासत होतो. मावशींची अट होती. तो येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तिसऱ्या वेळी आवाज आधी आला."

"म्हणजे?"

"तिनं मूठ उघडली नव्हती. तरी वाजलं. आणि आवाज तुमच्या डाव्या हाताकडून येतो, मधून येत नाही."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. दीडशे मुले, सारे शिक्षक, स्वतः गुरुजी, यांपैकी कोणाच्याही ध्यानात जे आले नव्हते ते त्याने शेवटच्या रांगेतून, डोळे वळवून, केवळ कानांनी पकडले होते. तिसऱ्या वेळी माझी बोटे खरोखरच घाईने सुटली होती. मी म्हटले, "बरोबर आहे. मग काय करायचं?" त्याने विचार केला आणि सांगितले, "बादलीत खाली फडकं टाका थोडं. आवाज कुठून येतो ते कळणार नाही."

मी हात पुसले, खिशातून रुपया काढला आणि त्याच्या हातावर टेकवला. तळवा कसा आवळायचा ते दाखवले. त्याचा हात लहान आणि नाणे मोठे. ते सारखे पडत होते. प्रत्येक वेळी तो ते उचलून, पुसून, पहिल्या जागी ठेवून बघत होता. झोपेची घंटा झाली. मी म्हटले, "ठेव हे तुझ्याजवळ. सरावाला आणखी तीन देतो." तो पटकन मागे सरला. "नको सर. पेटीत सापडलं तर."

वाक्य त्याने तिथेच सोडले. अधीक्षक जवळच उभे होते. त्यांनी कार्यालयातून क्रीडासाहित्याची नोंदवही आणली. चेंडू, कॅरमच्या सोंगट्या, दोरीच्या उड्यांचे दोर यांच्याखाली त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात नवी नोंद केली: 'जादूचे साहित्य, जुने रुपये, नग ४'. घेणाऱ्याचे नाव, सही, दिनांक. दर शनिवारी घ्यायचे, रविवारी रात्री परत करायचे. मुलाने नोंद दोनदा वाचली, मग सावकाश पूर्ण नावाची सही केली आणि रुपये घेऊन ते आधी अधीक्षकांना मोजून दाखवले.

मध्यंतरी या लेखाच्या निमित्ताने शाळेत गेलो तेव्हा ती वही मागून घेतली. त्याच्या सह्या जवळजवळ प्रत्येक शनिवारी आहेत. नंतरच्या पानांवर आणखी दोघांच्या सह्या आहेत, त्यांतली एक, खिशात रुपया घालणाऱ्या त्या मुलीची. एका रविवारी 'परत' या रकान्यात ४ ऐवजी ३ आहे आणि पुढे शेरा आहे: 'एक नग हरवला. सर्वांनी शोधला.' शेऱ्यापुढे कोणाचेही नाव नाही. बदली रुपया द्यावा म्हणून मी परवा जुन्या नाण्यांच्या दुकानात गेलो होतो. १९८० चा, चांगल्या कंगोऱ्यांचा एक होता. दुकानदाराने एका रुपयाचे साठ मागितले. मी चाळीसवर अडून आहे.